आईचं माहेरचं नाव

सर, काल दुपारी तुमच्या आईचं माहेरचं नाव मला कळलं. ते इथं लिहीत नाही, कारण आमच्या कामात माणसांची नावं नोंदवहीबाहेरच्या कागदावर आणायची नाहीत असा नियम आहे, आणि तो नियम मीच केलेला आहे. आमच्याकडं माणसाला क्रमांक असतो. तुमच्या आईला दोन क्रमांक होते. दोन क्रमांक म्हणजे दुप्पट मान, असं समजू नका. आमची चूक झाली होती, एवढाच त्याचा अर्थ. ती चूक कशी सापडली ते सांगायला बसले आहे, पण ते निमित्त आहे. तुम्हाला सांगण्यासारखं एक वाक्य माझ्याकडं होतं. तुम्ही हयात असताना होतं. ते मी सांगितलं नाही, आणि काल दुसऱ्याच कुणीतरी ते दोन मिनिटांत फोनवर सांगून टाकलं.

मी कोण हे तुम्हाला आवाजावरून लगेच कळलं असतं. कागदाला आवाज नसतो म्हणून ओळख देते. लातूरच्या शाळेत आठवी ते दहावी संस्कृतला तुमच्या हाताखाली होते. चाकूरकडच्या खेड्यातून मावशीकडं शिकायला आलेली, 'श' ला 'स' म्हणणारी. पहिल्याच दिवशी तुम्ही मला उठवून वाचायला लावलंत. मागची पोरं हसली. तुम्ही खिडकीकडं बघत शांतपणे म्हणालात, "हसणाऱ्यांनी एकेक करून उठा आणि वाचा." चौघांनी वाचलं. मग तुम्ही म्हणालात, "हिचं एक अक्षर चुकतं. तुमचं एक बरोबर येतं. बसा." तुम्ही सगळंच खिडकीकडं बघत बोलायचात. पोरांनी तुम्हाला 'खिडकी सर' नाव ठेवलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं, हेही पोरांना माहीत होतं.

आठवड्याभरातच तुम्ही विचारलंत, रोज शाळेआधी घरी येऊन त्या दिवसाचा धडा मोठ्यानं वाचून दाखवशील का. मला वाटलं, माझ्या उच्चारांची दुरुस्ती चालली आहे. मावशीलाही तसंच वाटलं. "सर फुकटात शिकवणी घेऊन राहिलेत, जा की गं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मला तासभर आधी उठवलं. कोण कुणाची शिकवणी घेतंय हे कळायला मला वर्ष लागलं.

तुमचं घर दोन खोल्यांचं. बाहेर पुस्तकं, आत काकू. वाचन आतल्या खोलीत, कारण उजेड तिथं. मी पाटावर बसते, तुम्ही भिंतीला टेकून, काकू स्टोव्हपाशी भाकरी थापत. परातीतला थापण्याचा आवाज थांबला की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं. काकूंची शाळा चौथीत सुटलेली, पण कान असा की बोलायची सोय नाही. "विसर्ग खाल्लास गं," त्या म्हणतात. "भूक लागली असंल तर भाकरी खा. विसर्ग नको खाऊ." तुम्ही हसू दाबत म्हणता, "तुझ्या काकू माझ्यापेक्षा एक धडा पुढं आहेत." मी कुणाची पोर, आमच्या घरात काय चालतं आणि काय नाही, हे त्या घरात मला कधी कुणी विचारलं नाही. काकूंचा एकच प्रश्न असायचा, "सकाळी काय खाऊन निघालीस?"

मी वाचते, तुम्ही नुसते ओठ हलवता. एकदा ऐकलं की तुमचं पाठ. तासाभरानं तुम्ही तोच धडा वर्गात पुस्तक हातात धरून 'वाचत' असता, योग्य जागी पान उलटता, आणि पहिल्या बाकावरच्या मला एकटीला माहीत असतं की ती जागा तुम्हाला कुठून मिळाली. घरी वाचताना पान उलटायला मी जिथं थांबते, तिथंच तुम्ही वर्गात पान उलटता. एकदा मला वाचताना ओळीच्या मधोमध शिंक आली. त्या दिवशी तुम्ही वर्गात त्याच ओळीच्या मधोमध पान उलटलंत. मी हसू आवरायला बाकाखाली वाकले, आणि वर आले तेव्हा मला सगळं समजलेलं होतं. तुम्हाला पुस्तक दिसत नव्हतं.

कुणाला सांगावं असं मला वाटलं नाही. ते आपल्या तिघांचं होतं, तुमचं, काकूंचं आणि माझं. मला त्याचा अभिमान होता, गावातल्या पोरीला शहरात एक गुपित मिळाल्याचा.

तुमची लेक तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तुम्ही तिला हाक मारायचात. "उंबऱ्यावर उभी राहा. कॅलेंडरवर आज तिथी कोणती लिहिलीय?" तारखेच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेली तिथी ती पोर उंबऱ्यावरून वाचायची. मग तुम्ही म्हणायचात, "आता एक डोळा झाक. वाच. आता दुसरा." मला वाटायचं, घर धार्मिक आहे. एक डोळा झाकून तिथी वाचली तर पुण्य अर्धं मिळतं की दुप्पट, एवढाच मला प्रश्न होता. पण लेक वाचत असेपर्यंत काकूंचा हात परातीत थांबलेला असायचा, आणि माझं तर काहीच चुकलेलं नसायचं. एकदा तुम्ही आंघोळीला गेल्यावर त्याच म्हणाल्या, "ह्यांच्या मामाचं असंच झालं होतं. ह्यांचं चोविसाव्या वर्षी. आता हिचं..." तव्यावरची भाकरी करपली, आणि त्या घरात भाकरी करपलेली मी तेव्हाच पाहिली.

दहावीच्या वर्षी, सहामाहीनंतर, एका पालकाची तक्रार आली. त्यांच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती आणि आतलं तपासायचं राहून गेलं होतं. पेपर काकू वाचून दाखवत आणि तुम्ही गुण सांगत. त्यांच्या ओल्या हाताला ती दोन पानं एकच लागली असणार. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, तीही माझ्या आयुष्यातली कार्यालयातली पहिलीच. "पोरी, तू जातीस ना रोज सरांच्या घरी? मग खरं काय ते सांग. सरांना दिसतंय का?"

मी म्हणाले, "दिसतं. पण समोरचं दिसत नाही, कडंचं दिसतं. म्हणून माझ्याकडं बघायचं असलं की ते खिडकीकडं बघतात."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेण्याची ती पहिली वेळ. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. त्या वाक्यात आजही मला दुरुस्ती सापडत नाही. तुमच्या डोळ्यांच्या आजाराची लक्षणं मी वर्गात शिकवते तेव्हा जवळजवळ त्याच शब्दांत शिकवते. माझं पहिलं शास्त्रीय निरीक्षण अचूक होतं, सर. दिवाळीच्या सुटीनंतर तुम्ही शाळेत आला नाहीत.

तुमच्या घरी आले तेव्हा पुस्तकांची गाठोडी बांधून झाली होती. मुखेडकडच्या तुमच्या गावी जायचं ठरलं होतं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, म्हणालात, "तू काय सांगितलंस ते मला त्यांनी वाचून दाखवलं."

"सर, मी खरं तेच..."

"खरंच होतं. नेमकं होतं. मला स्वतःला इतक्या नेमकेपणानं सांगता आलं नसतं." तुम्ही शेजारच्या गाठोड्याची गाठ चाचपून घट्ट केलीत. "त्यांनी दिसतं का विचारलं, तू दिसण्याचं सांगितलंस. शिकवता येतं का, हेही तुला माहीत होतं. ते कुणी विचारलं नाही म्हणून तू सांगितलं नाहीस."

आतून काकू म्हणाल्या, "लेकरू हाय ते. दहावीचं वर्ष हाय त्याचं. जाऊ द्या आता." तुम्ही जाऊ दिलंत. सुतळीनं बांधलेला पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा माझ्या हातात दिलात. एका बाजूला तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका, दुसरी बाजू कोरी. अकरावी-बारावीचं सगळं गणित मी त्या कोऱ्या बाजूवर केलं. उत्तर अडलं की कागद उलटायची आणि एखादा समास सोडवायची. तेवढ्यानं डोकं थंड व्हायचं. उत्तर तरीही यायचं नाही, तो भाग वेगळा.

पुढं संस्कृत सुटलं आणि जीवशास्त्र धरलं गेलं. पुण्याला गेले, तिथून परदेशी गेले, परत आले, नांदेडला प्रयोगशाळा उभी केली. आयुष्यभर मी ज्या गोष्टीचा अभ्यास करते आहे तिला मराठी पुस्तकांत तंतुकणिका म्हणतात. मावशीनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाली, "एवढं शिकून कणकेचं संशोधन करून राहिलीस का?" मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत बारीक दाणे आणि धागे असतात, ते अन्नापासून वीज तयार करतात. गावाच्या बाहेर असतं ना विजेचं उपकेंद्र, तसं. डोळ्याकडून मेंदूकडं जाणाऱ्या नसेला ही वीज लई लागते. उपकेंद्रात जन्मापासून एखादा दोष असेल तर ऐन तारुण्यात तिथं भारनियमन सुरू होतं आणि नजरेचा मधला भाग विझतो. कडा उरतात. आणि या तंतुकणिका आपल्याला फक्त आईकडून मिळतात. मुलगा असो की मुलगी, आई सगळ्यांना देते. बाप कुणालाच देत नाही. म्हणून ज्या बापाचे डोळे असे गेले, त्याच्या लेकरांना ते त्याच्याकडून येत नाही. येऊच शकत नाही.

हे ते वाक्य.

पुण्यात संशोधन करत असताना एका दुपारी वाचनालयात ते मी वाचलं, आणि पुढच्या पानावर काय होतं ते मला आठवत नाही, कारण मला एक डोळा झाकून उंबऱ्यावर उभी असलेली तुमची लेक दिसली. तुम्ही तेव्हा हयात होतात. पत्र टाकलं असतं तर काकूंनी वाचून दाखवलं असतं, विसर्गासकट. मुखेडला एसटी जाते. मी स्वतःला समजावलं की तुमची कसलीही तपासणी झालेली नाही, आजार तोच आहे याची खात्री नाही, आणि खात्री नसताना बोलणं हे शास्त्राला धरून नाही. तोंड लपवायला शास्त्र इतकं उपयोगी पडतं हे मला तेव्हा कळलं. दर सुटीत मी ठरवायची की या खेपेला जायचं. मग एकदा मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "तुझे ते खिडकी सर गेले म्हणं. महिना झाला." ती पुढं हरभऱ्याविषयी बोलत होती. मी हो हो म्हणत होते.

त्यानंतर मी भाषणं द्यायला लागले. विज्ञानाचं दार सगळ्यांना उघडं पाहिजे, या विषयावर माझं एक भाषण आहे, सर. पाऊण तासाचं, आयोजकांना घाई असेल तर वीस मिनिटांचंही आहे. नुसती भाषणं केली असंही नाही. खेड्यातल्या मुलींसाठी मराठीतून मुलाखती सुरू केल्या. प्रयोगशाळेची टेबलं चाकाच्या खुर्चीवरून हात पोचेल अशी खाली घेतली. ऐकू न येणारा एक विद्यार्थी आज आमच्याकडची सगळ्यात नाजूक यंत्रं सांभाळतो, आणि यंत्र बिघडलं की त्याला आमच्याआधी हाताला कळतं. त्या भाषणात तुम्ही येता, 'माझे एक शिक्षक' म्हणून. पान उलटण्याची गोष्ट येते, लोक हसतात. मुख्याध्यापक येतात, लोक गप्प होतात. मुख्याध्यापकांना सांगितलं कोणी, ते मात्र भाषणात येत नाही. पाऊण तासाच्यातही नाही.

आता त्या मुलीचं सांगते, जिनं काल तुमच्या आईचं नाव शोधलं. हिमायतनगरकडची आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या नजरेचा मधला भाग गेला. तिच्या दोन मामांचा आधीच गेलेला होता. आधी ती आमच्याकडं रक्ताचा नमुना द्यायला आली, मग पदवी पूर्ण करून संशोधनासाठी अर्ज घेऊन आली. कुणी वगळलं जाऊ नये म्हणून नेमलेल्या आमच्या समावेशन समितीपुढं अर्ज आला. मी तिची अध्यक्ष. समितीत पाच जण आहेत आणि चहा सहा कप येतो, कारण एक सभासद दोनदा घेतात. त्यांनीच पहिला कप संपवून विचारलं, "पण मॅडम, मायक्रोस्कोपमधून तिला दिसणार का?" आणि मी मान हलवली, सर. हलवली म्हणजे, बरोबर आहे तुमचं, अशी. तेव्हा मला कसलीही शाळा किंवा कुठलंही कार्यालय आठवलं नाही. प्रश्न रास्त वाटला. कागदोपत्री कामाची एखादी जागा तिच्यासाठी काढावी, असंही मीच सुचवलं, आणि ते सुचवताना आपण फार उदार आहोत असं मला वाटत होतं.

तिला आत बोलावलं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मॅडम, बाहेर सगळं ऐकू येऊन राहिलं होतं. तुमचं दार पातळ हाय." चहावाले सभासद खोकले. "मायक्रोस्कोप तुमचा पडद्याला जोडलेला हाय. मी मोठं करून कडंनं बघते, मला वेळ लागतो, पण दिसतं. आन् बघायला तुमच्याकडं लई जण हायत. विचारायला कोण हाय?"

"म्हणजे?" मी म्हणाले.

"आमच्या घरी तुमची माणसं फॉर्म घेऊन आली होती. माझ्या आजीला तिचं नाव विचारलं, तिच्या आईचं नाव विचारलं, रक्त घेतलं, गेली. आजी मागून म्हणून राहिली, यांनी कामाचं काहीच इचारलं न्हाई."

मी त्याच बैठकीत सही केली. भाषणाची आठवण झाली म्हणून नव्हे. जी उणीव तिच्या आजीला कळली ती आमच्यापैकी कुणाला कळली नव्हती म्हणून. भिंतीला टेकून बसलेले तुम्ही मला जिना उतरताना आठवलात.

तर कामाचं काय विचारायचं राहिलं होतं, ते आता ऐका. आमच्या नोंदवहीत दोन घराणी होती. एक हिचं, चाकूर आणि हिमायतनगरकडचं. दुसरं मुखेडकडचं. दोन्हींच्या रक्तात दोष तंतोतंत एकच. रक्त सांगत होतं की ही सगळी एकाच आईची लेकरं असावीत. कागद सांगत होता की नाहीत, कारण एकीकडं सगळ्यांत वरच्या बाईच्या दोन लेकींची नावं होती, आणि दुसरीकडं सगळ्यांत वर जी बाई होती तिचं नाव त्या दोन्हींत नव्हतं. आम्ही कागदावर विश्वास ठेवला. मी यावर एक शोधनिबंधही लिहिला, त्याची दुरुस्ती आता पाठवावी लागेल. आपल्याकडं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात आणि जुनं नाव माहेरी ठेवून तिला सासरी पाठवतात, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. माझी स्वतःची दोन नावं आहेत, सर. एक शोधनिबंधांवर, एक रेशनकार्डावर. तरीही फॉर्म मी केला आणि त्यात तो रकाना मी ठेवला नाही.

काल दुपारी या मुलीनं तिच्या आजीच्या थोरल्या बहिणीला चाकूरकडच्या गावात फोन लावला. फोनचा आवाज मोठा केलेला, मी समोर चहा घेत बसलेली. "आज्जे, तुझी ती मावशी मुखेडकडं दिलेली ना? लग्नात तिचं नाव बदललं होतं का?"

"बदलत्यातच की. माझं न्हाई का बदललं? कामून इचारून राहिलीस?"

"काय ठेवलं होतं?"

म्हातारीनं सांगितलं. तांदळाचं ताट तिनंच धरलं होतं, सहा वर्षांची असताना, आणि ताट हलवलं म्हणून आईची चापट खाल्ली होती. म्हणून नाव पक्कं लक्षात. मुखेडच्या घराण्यात सगळ्यांत वर तेच नाव होतं. नोंदवहीतल्या दोन बाया एक झाल्या. मग म्हातारी आपणहून म्हणाली, "तिचा एक पोरगा लातुरात मास्तर होता. संस्कृतचा. लई हुशार. त्याचे बी डोळे गेलते गा."

माझ्या हातात कप होता. तो खाली ठेवून मी नोंदवही उघडली. तुमच्या बहिणीच्या लेकीचा मुलगा आमच्या त्या दुसऱ्या घराण्यात आहे. त्याच्या रक्ताची नळी आमच्या शीतपेटीत कित्येक वर्षं पडून आहे, क्रमांक लावलेली, आणि मी रोज तिच्यावरून येते-जाते. तुमचा त्या नोंदीत एवढाच उल्लेख आहे: मुलगा, मयत.

तुमच्या बहिणीच्या घरून तुमच्या लेकीचा फोन नंबर मिळाला. ती नांदेडातच असते, माझ्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. मुलीनं लगेच फोन लावला, कोण बोलतंय आणि कशासाठी ते नीट सांगितलं. मग तुमची लेक म्हणाली, "ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. दर महिन्याला त्याला लांबून कॅलेंडर वाचायला लावते. बाबा मला लावायचे. मला अजून काही झालं नाही, पण त्याला..."

"नका लावू आता," मुलगी म्हणाली. "तुमच्या बाबांकडून तुम्हाला ते आलंच नाही. ते आईकडूनच येतं. मग तुमच्याकडून त्याला कुठून येईल?"

"हे नक्की?"

"हाव. नक्की."

आजार तुमच्याकडून तुमच्या लेकीपर्यंत पोचला नाही, सर, पण ती पहिली तारीख पोचली. तिच्याकडून तिच्या मुलापर्यंतही गेली. मग ती म्हणाली, "बाबांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. शेवटच्या दिवसांतही मला डोळा झाकायला सांगायचे."

"हाव," मुलगी म्हणाली. "पण तेव्हा इकडं कुणाला माहीत असणार?" आणि असं म्हणून तिनं खिडकीकडं तोंड केलं, म्हणजे माझ्याकडं बघितलं. मी एवढंच बोलायचं होतं, की मला माहीत होतं. मी बोलले नाही. तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, चहा गार करून राहिल्या तुम्ही."

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्न नाही, कारण ते टाकायचंच नाही. रविवारी मी तुमच्या लेकीकडं जाणार आहे. काकू नाहीत आता, हेही तिनं कालच सांगितलं. तिच्यापुढं बसून मुख्याध्यापकांसमोरच्या खुर्चीतलं सगळं सांगेन, तेवढं धैर्य गोळा केलेलं आहे. पण एक गोष्ट तिला सांगता येईल की नाही याची मला शंका आहे, म्हणून ती आधी तुमच्यापुढं वाचून दाखवते.

तुम्ही जायच्या आधीच्या वर्षी मी तुम्हाला पाहिलं होतं. लातूरच्या बसस्थानकावर, फलाटावर. मी सुटीला आले होते, चाकूरच्या गाडीची वाट बघत होते. ते वाक्य तेव्हा मला पाठ होतं, तुमच्या धड्यांसारखं. तुम्ही एकटेच होतात, खांद्याला पिशवी, मान एका बाजूला. मी तुमच्याकडं आले. बाजूनं येत होते तोवर तुम्हाला कुणीतरी येतंय हे दिसलं असणार, कारण तुम्ही सावरून उभे राहिलात. मग मी बरोबर तुमच्या समोर येऊन थांबले. एका पावलावर. कुठं उभं राहिलं की तुम्हाला दिसणार नाही, हे लातुरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तुम्ही विचारलंत, "ही गाडी मुखेडची का हो?"

तोंड उघडलं असतं तर पहिल्या अक्षराला तुम्ही मला ओळखलं असतं. मी उघडलं नाही. गाडीवरची पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती. पाठीमागून टोपली घेऊन चाललेली एक बाई म्हणाली, "न्हाई बाबा, निलंग्याची हाय ही. मुखेडची लागायची हाय अजून." तुम्ही तिच्या दिशेनं मान हलवलीत. आणि मग पुन्हा समोर, मी होते तिथं, म्हणालात, "असू द्या. घाईत असाल."

मी घाईत नव्हते, सर. चाकूरची गाडी सुटायला अजून तासभर होता.